लॅबमधला ‘सिस्टिम ॲनालिस्ट’: चहाच्या कंपनीपासून नांदेड-लातूरच्या एसटीपर्यंत

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की तू सॉफ्टवेअरवाला, मग सारखा जुन्या कॉम्प्युटरच्या गोष्टी का सांगतोस? त्याचं उत्तर माझ्या पहिल्या नोकरीत आहे. आजचा भाग त्या नोकरीचा, आणि त्या नोकरीच्या नावाचा इतिहास. लिहून काढताना बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कमी केलेत.

२०१९ साली बी.टेक. झालं. पुण्याच्या कॅम्पस ड्राइव्हमध्ये दोनदा शेवटच्या राउंडला बाहेर पडलो आणि नांदेडला परत आलो. ऑगस्टमध्ये एका एजन्सीचं नेमणूकपत्र मिळालं. पद : सिस्टिम ॲनालिस्ट, प्रवेश स्तर, अकरा महिन्यांचा करार. घरी पेढे वाटले. वडिलांनी शेजारच्या काकांना सांगितलं, “ॲनालिस्ट झाला.” काकांनी विचारलं, “म्हणजे काय करतो?” वडील माझ्याकडे बघायला लागले आणि मी पेढ्याच्या बॉक्सकडे.

पहिल्या दिवशी कळलं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅब चालू ठेवायच्या. बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर, क्रिम्पिंगचं पकड, आरजे-४५ची पुडी, दोन पेनड्राइव्ह आणि खोडरबर. हो, खोडरबर. पीसी चालू होत नसेल तर रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, परत बसवायची. दहातले सहा पीसी एवढ्यावर उठतात. उरलेल्यांत काळ्या मातीची धूळ भरलेला एसएमपीएस असतो, नाहीतर उंदराने कुरतडलेली लॅनची वायर. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी : हा क्रम मला अजूनही झोपेत म्हणता येतो. नांदेडहून सकाळची एसटी धरायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. जिथे फोन येईल तिथे उतरायचं.

तर हे ‘ॲनालिस्ट’ प्रकरण आलं कुठून, असा प्रश्न मला टेबलाखाली पडल्या पडल्या पडायचा. मग शोधत गेलो.

गोष्ट सुरू होते चहापासून. ब्रिटनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी नावाची कंपनी होती. धंदा चहाचा, केकचा आणि चहाच्या दुकानांचा. दुकानं शेकड्यांनी, रोजचा हिशेब पैशांत, आणि तो करायला कारकुनांची फौज. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, या कंपनीने आपली दोन माणसं अमेरिकेला पाठवली. कचेरीच्या कामात नवीन काय चाललंय ते बघून या, म्हणून. ती माणसं कॉम्प्युटरचं वेड घेऊन परतली. केंब्रिजमध्ये तेव्हा एडसॅक नावाचं मशीन बनत होतं. लायन्सने त्याला पैसे दिले, आणि त्याच धर्तीवर स्वतःचं मशीन बनवलं. नाव लिओ. १९५१ साली या लिओने बेकरीच्या मालाचा हिशेब करायला सुरुवात केली. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला जगातला पहिला कॉम्प्युटर म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे पाव आणि केक किती गेले, हे मोजायला कॉम्प्युटर आला! ऑफिस ऑटोमेशनचा जन्म टपरीवर झाला असं मी म्हणतो. इतिहासाचे प्राध्यापक हे मान्य करणार नाहीत, पण करू दे नाराजी.

या कंपनीत डेव्हिड कॅमिनर नावाचा माणूस होता. मशीनला काम सांगायच्या आधी ते काम माणसं कसं करतात हे बारकाईने बघायचं, कोणता कागद कुणाकडून कुणाकडे जातो ते मांडायचं, हे त्याचं काम. व्यापारी जगातला पहिला सिस्टिम ॲनालिस्ट म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो २००८ साली वारला. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो.

आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरने स्वतःचा कॉम्प्युटर बनवला, तो १९६० साली कामाला लागला. १९६२ला पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिलं. त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे अख्खी खोली, आणि त्या खोलीची उतरंड ठरलेली : ऑपरेटर, त्याच्या वर प्रोग्रामर, त्याच्या वर ॲनालिस्ट. ऑपरेटर कार्डं घालायचा, प्रोग्रामर लिहायचा, ॲनालिस्ट विचार करायचा. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. व्ही. राजारामन यांच्या समितीच्या शिफारशीवरून एमसीए हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात भर होता तो याच सिस्टिम ॲनालिसिसवर. तुमच्यापैकी बीसीए-एमसीएवाल्यांनी राजारामन सरांची पुस्तकं हाताळली असतील. निदान परीक्षेच्या आदल्या रात्री तरी.

मग खोली गेली आणि टेबलावरचा पीसी आला. ऑपरेटरचं पद पुसलं गेलं, प्रोग्रामर कंपन्यांत गेला. ‘सिस्टिम ॲनालिस्ट’ मात्र पदांच्या यादीत शिल्लक राहिला. विचार करणाऱ्या माणसाचं पद, आणि हातात खोडरबर.

आता आपल्या भागाकडे येऊ. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांचं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८चं, उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. २३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा नांदेड-लातूरची कॉलेजं त्याच्याकडे. विचार करा, मार्कशीटवर आईच्या नावात चूक झाली तर देगलूरच्या, उदगीरच्या पोराने औरंगाबाद गाठायचं. जायला एक दिवस, खिडकीवर एक दिवस, यायला एक दिवस. आमच्या घरातल्या थोरल्यांकडे या प्रवासाचे किस्से पंढरीच्या वारीसारखे आहेत.

१७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी (हिंगोली तेव्हा परभणीतच होतं). स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, हे शाळेत वाचलंच असेल. नांदेडचं पीपल्स कॉलेज, जिथे नरहर कुरुंदकर शिकवायचे, ते सुरू करणाऱ्या संस्थेमागेही स्वामीजीच होते. पहिले कुलगुरू झाले डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य. म्हणजे ज्याला आपण ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो त्याच्या पाळण्याजवळचे. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. औसा-उमरग्याची गावंच्या गावं अजून पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि तशात हे नवं विद्यापीठ विष्णुपुरीच्या माळावर उभं राहत होतं. तिथे शेजारी श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१पासून होतं, तेवढीच इंजिनिअरिंगची जाग.

कॉम्प्युटर आपल्या भागात आला तो या सगळ्याच्या मागोमाग. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण ते मोठ्या शहरांपुरतं. २००१ला एमकेसीएल स्थापन झालं, २००२ला एमएस-सीआयटी आली, आणि तालुक्या-तालुक्याला कॉम्प्युटर सेंटरचे बोर्ड लागले. २००९ला केंद्राचं शिक्षणातल्या आयसीटीचं मिशन सुरू झालं. त्यात विद्यापीठांना एक जीबीपीएस आणि कॉलेजांना ५१२ केबीपीएसची जोडणी द्यायची योजना. ५१२ केबीपीएस! तुमच्या फोनवर एक रील येताना आज याहून जास्त लागतं. मधल्या काळात भारनियमन असं होतं, की लॅबमध्ये ‘प्रॅक्टिकल’चं वेळापत्रक महावितरण ठरवायचं.

हे सगळं पाठ करून मी २०१९ला लॅबमध्ये शिरलो, तर समोर निळा स्क्रीन. टर्बो सी++. १९९०च्या आसपासचं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या बोरलँडने कधीच सोडून दिलेलं. ६४-बिट विंडोजवर ते चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये जुना डॉस असल्याचं सोंग करून त्यात चालवायचं. माझ्या पहिल्या तीन महिन्यांतलं सगळ्यात ‘ॲनालिस्ट’पणाचं काम म्हणजे हे सोंग तीस मशीनवर नीट बसवणं.

आणि मग आला जानेवारी २०२०. १४ जानेवारी ही तारीख मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. १९९४ला त्याच दिवशी औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं. २०२०च्या १४ जानेवारीला मात्र माझ्यासाठी अजून एक गोष्ट होती : मायक्रोसॉफ्ट विंडोज ७ला सपोर्ट बंद करणार होतं. एजन्सीचा मेल आला, महिनाअखेर सगळ्या लॅब विंडोज १०वर हव्यात.

एका कॉलेजात, नाव सांगत नाही, लॅबच्या कोपऱ्यात एक जुना पीसी होता. त्यावर कुणी बसत नव्हतं. मागे जाडजूड पॅरलल पोर्ट, त्याला काडेपेटीएवढं काहीतरी लावलेलं. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या, मशीन भंगारच्या यादीत टाकलं, त्या जागी नवं ठेवलं. लॅबचे मामा (शिपाई म्हणून लागले, पण लॅब खरी तेच चालवायचे) म्हणाले, “ते काढूलालाव व्हय? मॅडमला इचारलं का?” मी म्हटलं, “मामा, डेटा घेतलाय सगळा.”

ती काडेपेटी म्हणजे डोंगल. आता इथे जरा थांबू, कारण मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, त्यात देवनागरी होती. पण आपल्या कचेऱ्यांपर्यंत ती यायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. तोवर मराठी चालायची ती पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर नाहीतर मॉड्युलरच्या श्रीलिपीवर. सॉफ्टवेअर चोरलं जाऊ नये म्हणून सोबत डोंगल. फॉन्ट कसे? एका फॉन्टमध्ये २५६ घरं. त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले : अर्धा श, काना, वेलांटी, रफार. फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, दिसते मराठी. फॉन्ट आहे तोवर ‘शिवकांता’, फॉन्ट गेला की नुसता कचरा. माझ्या पेनड्राइव्हवर फाइल होत्या, फॉन्ट नव्हते, सीडी कुणाला सापडत नव्हती, आणि नव्या मशीनला डोंगल लावायला पोर्टच नव्हता.

हे जानेवारीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. मार्चमध्ये लॉकडाउन लागला.

मग सप्टेंबर. सुप्रीम कोर्टाने २८ ऑगस्टला सांगितलं होतं, की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन, बहुपर्यायी परीक्षा ठरली. कॉलेजला प्रत्येक पोराला फोन करायचा होता : स्मार्टफोन आहे का, गावात रेंज आहे का, नसेल तर आमच्या लॅबमध्ये ये, जागा राखून ठेवतो. पोर्टलवर इंग्रजी यादी होती. पण त्यातले मोबाइल नंबर बघितले तर चाळीस पोरांचा एकच नंबर. ज्या नेट कॅफेवाल्याने फॉर्म भरले, त्याने स्वतःचाच टाकलेला! खरे नंबर होते ऑफिसच्या मॅडमच्या रजिस्टरमध्ये. गाव, वस्ती, शेजाऱ्याचा फोन, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं मराठीत टाइप केलेलं. कुठे? त्या कोपऱ्यातल्या पीसीवर.

मॅडम मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कन्व्हर्टर लिहायला बसलो. पायथनमध्ये, दोन रात्री. वाटलं होतं सोपं आहे, प्रत्येक चिन्हासमोर त्याचं युनिकोड अक्षर लिहायचं. पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी साठतात. ‘शिव’ची वेलांटी दिसते श-च्या आधी, म्हणून साठते आधी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी श, मग वेलांटी. रफार उलटा. ‘धर्मा’मध्ये तो दिसतो म-च्या डोक्यावर, म्हणून साठतो म-च्या नंतर, युनिकोडमध्ये म-च्या आधी हवा. जोडाक्षर असेल तर वेलांटी दोन घरं उडी मारते. दुसऱ्या रात्री तीन वाजता माझी ‘ज्ञानेश्वर’ नावाशी जी झटापट झाली, ती माउली मला माफ करोत.

सकाळी डोळे लाल करून लॅबमध्ये गेलो. मामा माझ्या मागे उभे राहून तो कचरा बघत होते. म्हणाले, “सर, नाव वाचता येईना, पण नंबर तर दिसूलालेत की. फोन लावा, इचारा तू कोण म्हणून.”

खरंच. आकड्यांची घरं त्या फॉन्टमध्ये जागच्या जागीच होती, फक्त देवनागरी दिसायची. फॉन्ट गेल्यावर ते साधे १, २, ३ दिसत होते. दोन रात्री मी नावांशी कुस्ती खेळलो, आणि नंबर पहिल्या दिवसापासून समोर होते. कॅमिनर असता तर त्याने आधी मामांशी चहा घेतला असता.

त्या दिवशी तीन जणांनी मिळून फोन केले. प्राध्यापकांनी आपापल्या फोनवर नावं मराठीत टाइप करून यादी केली, मी ती माझ्या कन्व्हर्ट झालेल्या रजिस्टरशी ताडून बघत होतो. कन्व्हर्टर वाया गेला नव्हता, आता कोण अजून राहिलंय ते तोच सांगणार होता. नाव दोन्हीकडे आहे, जागा पक्की. नसेल तर ‘आढळ नाही’. ‘आढळ नाही’मध्ये तीन नावं आली. त्यातली एक मुलगी मुखेड तालुक्यातली, शेजाऱ्याच्या फोनवर बोलत होती. मीच तिला सांगितलं, “तुमचं नाव रजिस्टरला नाहीये. विद्यापीठाच्या पोर्टलवर एकदा चेक करा.” ती म्हणाली, “बरं सर,” आणि फोन ठेवला. एवढंच.

रात्री एसटीत बसल्यावर ती तीन नावं परत वाचली. कऱ्हाळे. वऱ्हाडे. आणि परत एक कऱ्हाळे. तिघांच्याही आडनावात ऱ्ह.

हा आपला खास मराठी ‘र’. हिंदीत हा नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत जो फरक, तो हा. युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसरी, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, अगदी भिंग लावलं तरी. कॉम्प्युटरसाठी मात्र ते दोन वेगळे शब्द. माझा कन्व्हर्टर पहिल्या पद्धतीने लिहीत होता, फोनचा कीबोर्ड दुसऱ्या. प्रमाणपत्र काढलेलं, फी भरलेली, तीन वर्षं वर्गात बसलेली पोरगी, आणि एका न दिसणाऱ्या चिन्हापायी मी तिला सांगितलं तू नाहीस.

अहमदपूरच्या पुढे रेंज येईपर्यंत वाट बघितली. फोन लावला, उचलला नाही. रात्रीचे साडेनऊ झाले होते, गावाकडे म्हणजे मध्यरात्र. सकाळी सहाला परत लावला. शेजारच्या काकू बोलल्या, “ती गेली की सोयाबीन काढायला. रोजानं. संध्याकाळी येईल.” मी म्हटलं, काकू, महत्त्वाचं आहे, तिला सांगा नाव सापडलंय. काकूंनी विचारलं, “कुणाचं नाव? हरवलं होतं व्हय?”

दुपारी तिचाच फोन आला, शेतातून, कुणाच्या तरी मोबाइलवरून. मागे मळणी यंत्राचा आवाज. मी माफी मागितली, चूक माझ्या प्रोग्रामची होती म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलं फी भरायची राहिली असंल.” म्हणजे तिने स्वतःचीच चूक धरली होती. माझ्यावर ओरडली असती तर मला झोप आली असती त्या रात्री.

परीक्षेच्या दिवशी ती लॅबमध्ये आली, भावाच्या मोटारसायकलवर. एक मशीन सोडून एक पोरं बसलेली, तोंडाला मास्क, सॅनिटायझरच्या वासात यूपीएसची शिट्टी. दहा मिनिटं लाइट गेली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा बॅटरीला नमस्कार केला. तिचा पेपर पूर्ण झाला. जाताना मामांना म्हणाली, “येते मामा.” मला काही म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

करार अकरा महिन्यांनीच संपायला हवा होता, ओढत ओढत डिसेंबरपर्यंत चालला. शेवटचे दोन पगार उशिरा आले, त्या एजन्सीचं नाव घेऊन तुमचा वेळ घालवत नाही. जायच्या आधी कन्व्हर्टरमध्ये दोन ओळी वाढवल्या : कुठलाही ऱ आला तर आधी एकाच पद्धतीत आण, मग ताडून बघ. मॅडमचं रजिस्टर युनिकोडमध्ये करून दिलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माझ्यासमोर वाचलं, बोट ठेवून, आणि सात चुका काढल्या. सातही माझ्याच.

डोंगल मामांनी भंगारात जाऊ दिला नव्हता. टेबलाच्या खणात, चाव्यांच्या जुडग्यासोबत ठेवला होता. “काय सांगावं, लागंल,” म्हणाले.

आज मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो, एसीत. पण फॉर्मवर नावाचा रकाना आला की हात थबकतो. तुमच्यात कुणी कऱ्हाळे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर असाल तर एक काम करा. फोनवर स्वतःचं आडनाव टाइप करा आणि कॉलेजच्या एखाद्या जुन्या पीडीएफमध्ये ते शोधा. सापडलं नाही तर स्क्रीनशॉट पाठवा. पुढच्या भागात आपण अशीच हरवलेली नावं घेऊन बसणार आहोत.